सुंडल संपेपर्यंत

सिनेमा संपल्यावर माणसं गप्प राहू शकतात, यावर चेन्नईला येईपर्यंत माझा विश्वास नव्हता. आमच्या सोलापुरात थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत सिनेमाचा निकाल लागलेला असायचा, आणि मी तर तो मध्यंतरातच लावून मोकळी व्हायची. वडील म्हणायचे, हिला तिकीट काढून आत नेण्यापेक्षा बाहेरचं पोस्टर दाखवा, तेवढ्यावरही ही तासभर भांडेल. त्यांचं खोटं नव्हतं. मला सिनेमा बघायला जितका आवडायचा, तितकीच नंतर त्याची पिसं काढायला मजा यायची.

बँकेने माझी बदली चेन्नईला केली. नवऱ्याने श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरी बघितली आणि आम्ही तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड मांडलं. त्याला कंपनीची बस वेळी-अवेळी घेऊन जायची आणि आणून सोडायची, त्यामुळे शनिवारी तो फक्त झोपायचा. मला तमिळ येत होतं ते काउंटरपुरतं: इथे सही करा, आधार कार्ड आणा, उद्या या. हिंदी सिनेमे लागायचे ते लांबच्या मॉलमध्ये. चालत जाण्यासारखं जे जुनं थिएटर होतं, तिथे तमिळच. मी त्याच्यावरून रोज बसने जायची आणि पोस्टरांकडे उपाशी माणसासारखी बघायची.

तळमजल्यावर अक्का राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळुरात. एकदा जिन्यात मी आईशी फोनवर बोलत होते, तर त्यांनी दार उघडून विचारलं, "तूं महाराष्ट्रांतली काय गे?"

मी बघतच राहिले. त्यांचं घराणं तंजावरचं. कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या लोकांची मराठी त्यांनी घरात जपून ठेवलेली, पण ती त्या काळचीच राहिलेली आणि तिला तमिळचा हेल चढलेला. ऐकताना वाटायचं, कुणीतरी जुनं पत्र वाचून दाखवतंय. मुलगा फोनवर तमिळ बोलायचा, नातवंडं इंग्रजी. "माझी मराठी आतां देवापुढें आणि कढईपुढें," असं त्या म्हणायच्या, आणि तक्रार नसल्यासारखं म्हणायच्या.

सिनेमाचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, मला भाषाच कळत नाही, जाऊन काय करू.

"तूं पाहा. मी सांगतें," अक्का म्हणाल्या. "शनिवारीं दुपारचा खेळ. वर राहतात ते काकाही येतात."

काका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. मूळचे भुसावळचे, रेल्वेत नोकरी करून इथेच निवृत्त झालेले, विधुर, आणि तक्रारखोरपणात माझ्याही वरताण. त्यांना तमिळ उत्तम यायचं, पण ते त्याचा उपयोग मुख्यतः रिक्षावाल्यांशी वाद घालण्यासाठी करायचे.

असा आमचा शनिवार सुरू झाला. अक्का मधे, डावीकडे मी, उजवीकडे काका. पडद्यावर कुणी बोललं की अक्का जरा थांबायच्या, त्याला पुरतं बोलू द्यायच्या आणि मग माझ्या कानाशी येऊन ते मराठीत सांगायच्या. शब्दाला शब्द नाही. नायिकेचा बाप पडदा फाटेल इतका ओरडायचा, आणि अक्का एवढंच सांगायच्या, "त्यास मुलगी द्यायाची नाही." पण एखादं हळू बोललेलं वाक्य असलं, की त्याला त्या वेळ घ्यायच्या. तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. नायिका नायकाला काय म्हणाली, आजोबा नातीला काय म्हणाले, ते त्या अशा काही सांगायच्या की मी पडद्याकडे बघायचं विसरायची.

खेळ सुटल्यावर आम्ही चालत मरीनावर जायचो. तिथे वाळूत बसून सुंडल घ्यायचं, म्हणजे उकडलेले वाटाणे, त्यात खोबरं आणि कैरीचे तुकडे, कागदाच्या पुडीत. आणि इथे अक्कांचा नियम होता. थिएटरपासून वाळूपर्यंत सिनेमाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सुंडल हातात आलं की बोलायचं, पण पुडी संपेपर्यंत फक्त चांगलं. पुडी संपली की मग हवी तेवढी निंदा.

पहिल्या शनिवारी मला हा नियम म्हणजे शिक्षाच वाटली. सिनेमा भयंकर होता, नायक विमानातून पडूनही केस न विस्कटता उठला होता. मी घुसमटत वाटाणे चावत होते. काका तर बकाबका खाऊन पुडी उलटी करून झटकून दाखवायचे, म्हणजे आता निंदेला परवानगी. अक्का मात्र एकेक वाटाणा निवडून खायच्या.

"गाणें बरें होतें," त्या म्हणाल्या. "तो पोस्टमन झाला होता, त्याचें बसणें पाहिलें? थकलेला मनुष्य तसाच बसतो."

मी तो पोस्टमन बघितलाच नव्हता. विमानावर चिडण्यात तो निसटला होता. हळूहळू मला सवय लागली. वाळूत काहीतरी चांगलं सांगावं लागणार म्हणून थिएटरात मी चांगलं शोधत बसू लागले, आणि शोधलं की सापडायचंच. आईला फोनवर मी सांगायची, इथले सिनेमे कसेही असोत, संवाद काय सुंदर लिहितात गं. आई म्हणायची, तुला कुणीतरी गप्प बसवलंय, कोण आहे ती बाई, तिला माझा नमस्कार सांग.

त्याच वर्षी आई गेली. सकाळी भावाचा फोन आला की बरं नाही, दुपारची विमानं भरलेली, संध्याकाळच्या विमानाने हैदराबाद आणि तिथून गाडी करून मी पोहोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. माझ्यासाठी थांबणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान हलवली. दिवस झाले, परत आले, कामाला लागले. रडले नाही. रडायला आधी तिथे असायला हवं होतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. अक्का रोज रसम आणून द्यायच्या, टेबलावर ठेवून जायच्या.

महिन्याभराने त्या म्हणाल्या, चल, एक साधा सिनेमा लागला आहे.

खरंच साधा होता. खेड्यातली आई, शहरात निघालेली मुलगी, बसस्टँडवर निरोप. बस सुरू होते, आई खिडकीशी चालत चालत काहीतरी बोलते. अक्का नेहमीसारख्या थांबल्या. मग माझ्या कानाशी आल्या.

"ती म्हणते, तूं वेळेवर पोहोंचली नाहीस, हें मनांत धरूं नको. मी वाट पाहिली नाही. मी तुझ्याकडेच येत होतें."

मी तिथे रडले. आवाज न करता नव्हे, चांगली हुंदके देऊन. पुढच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली. अक्कांनी माझा हात मांडीवर घेतला आणि उरलेल्या सिनेमात एकही संवाद सांगितला नाही. त्या संध्याकाळी वाळूत काकांनी पुडी झटकली नाही. संपल्यावर नुसती घडी करून खिशात ठेवली.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुढे दोनएक वर्षांनी बँकेत डबा खाताना सिनेमांवरून गप्पा निघाल्या. आम्हां सगळ्यांना तोच एक विषय, काल कुणी काय बघितलं आणि ते कसं होतं. माझं तमिळ एव्हाना बरं झालं होतं. मी म्हटलं, तुम्ही काहीही म्हणा, त्या बसस्टँडच्या प्रसंगातल्या आईच्या वाक्याला तोड नाही. आणि मी ते वाक्य माझ्या तमिळमध्ये सांगितलं.

समोरची सहकारीण घास हातात धरून थांबली. "असं ती म्हणत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, म्हणते. ती म्हणाली, अगं, मी तो सिनेमा कितीदा बघितलाय, नाही म्हणत. मी डब्याचं झाकण आपटलं. भांडणात मी मागे हटत नाही, आणि हे तर माझ्या आईच्या बाबतीतलं होतं. शेवटी तिने मोबाइलवर तो प्रसंग लावला. बस निघाली, आई खिडकीशी चालायला लागली आणि म्हणाली, "वाटेत खाऊन घे. सुटे पैसे वरच्या कप्प्यात आहेत."

एवढंच. बस गेली.

मी पुन्हा लावायला सांगितलं. सुटे पैसे वरच्या कप्प्यातच राहिले.

दुपारभर मी काउंटरवर बसून धुमसत होते. फसवलं, असं वाटत होतं. इतकी वर्षं मी जे सिनेमे बघितले ते कुणाचे? ज्या संवादांवर मी जीव टाकला ते कुणी लिहिलेच नव्हते? शनिवारी वाळूत बसताक्षणी, सुंडल हातात येताच, मी सुरुवात केली.

"अक्का, त्या बसस्टँडवर ती आई तसं काही बोललीच नव्हती."

"सुंडल संपलें काय?" अक्कांनी विचारलं.

"नाही संपलं. आणि आज मी थांबणार नाही."

त्यांनी एक वाटाणा तोंडात टाकला, सावकाश चावला. जराही ओशाळल्या नाहीत. "त्या लिहिणाराला चांगलें बोलायास येत नाही. त्यास मी काय करूं?" त्या म्हणाल्या. "तूं एवढ्या लांबून आलीस. तुला मी सुटे पैसे सांगूं?"

काकांना ठसका लागला. मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला दोन्ही कानांनी ऐकू येतं, पोरी," काका म्हणाले. "एका कानाने पडदा, एका कानाने अक्का. नाहीतर असले सिनेमे बघायला मी कशाला येतो?"

मग अक्कांनी सांगितलं, ही खोड जुनी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंना ऐकू कमी यायचं. घरात वचक असा की सून समोर उभी राहून बोलायची नाही. पण सिनेमाला जाताना सुनेला शेजारी बसवायच्या, कारण पडद्यावरचं कुणीतरी कानात सांगायला हवं. "मजला तेव्हां शाळेंत नोकरी मिळत होती. घरांत विचारायाची छाती नाही. पिक्चर देवादिकांचें होतें. त्यांत एक राणी सासूच्या पायां पडते. मी कानांत सांगितलें, ती म्हणते, दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करीन, पण मजला मुलांस शिकवायास जाऊं द्या."

"आणि?"

"घरीं येतांना त्या म्हणाल्या, ती राणी बरोबर बोलली. कोणती शाळा आहे तुझी?" अक्का हसल्या. "देवांच्या राज्यांत शाळा कोठून आली, हें त्यांनीं विचारिलें नाही. त्यांस समजलें असावें. सासू माझी हुशार होती."

मी भांडण विसरले. घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी मला एकदम उमगलं, की मी वेळेवर पोहोचले नाही हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावरून वाचलं होतं आणि सांगायला तो बसस्टँड वापरला होता. तोंडावर सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. त्या माझ्यावर इतकी माया करत होत्या आणि मी मात्र त्यांच्यावर दात खात होते, या विचाराने मला जिन्यात लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं.

अक्कांचे डोळे त्यानंतर बिघडायला लागले. आधी त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. वाळूत त्या नुसतं गाण्याबद्दल, आवाजाबद्दल बोलू लागल्या. मग एकदा सिनेमातल्या भावालाच त्यांनी नवरा समजून त्याचं कौतुक केलं. काकांनी मला कोपराने ढोसलं. अक्कांना ते दिसलं, कारण त्यांना बाजूचं दिसत होतं.

"ढोसूं नका," त्या म्हणाल्या. "मधलें गेलें आहे. कडा आहेत. तुमचीं कोपरें दिसतात, पडदा दिसत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे; आहे तेवढं राहील, गेलेलं येणार नाही. मी म्हटलं, मग आता मी सांगते. तुम्ही ऐकायचं मला सांगा, मी बघायचं तुम्हाला सांगते.

पहिल्याच खेळाला माझी फजिती झाली. मी कानाशी लागून म्हणत होते, एक माणूस उभा आहे. भिंत निळी आहे. बाई डावीकडून आली. अक्कांनी थोडा वेळ सोसलं. मग म्हणाल्या, "पासबुक वाचतेस काय गे?" पलीकडून काका म्हणाले की प्लॅटफॉर्मवरच्या घोषणेत याहून जास्त जीव असतो. मला राग आला, पण खरंच होतं. मला बघता यायचं, बघितलेलं सांगता येत नव्हतं. ते मी शिकले. निळी भिंत सांगण्यात अर्थ नाही. ती बाई आत येऊन आधी घड्याळाकडे बघते आणि मग नवऱ्याकडे, हे सांगायचं. थकलेला माणूस कसा बसला, ते सांगायचं. असं करता करता एक सिनेमा आम्ही दोघी मिळून पुरा करू लागलो. अर्धा माझ्याकडून त्यांच्या कानात, अर्धा त्यांच्याकडून माझ्या. आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या लोक टाळायचे, हे मान्य करायला हवं.

मला वाटलं होतं, हे असंच चालेल.

गेल्या उन्हाळ्यात एका विनोदी सिनेमाला आम्ही गेलो होतो. थिएटर भरलेलं होतं. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळं थिएटर हसलं, त्यात मीही. मग माझ्या लक्षात आलं, अक्का माझ्याकडे तोंड करून थांबल्या होत्या, सांगण्यासाठी. सांगण्याआधीच मी हसले होते. त्यांनी तोंड परत पडद्याकडे वळवलं आणि त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

वाळूत त्यांनी पुडी संपवली, कागद दुमडला. "मी आतां पिक्चरला येणार नाही," त्या म्हणाल्या. "पोदुम. पुरें झालें."

मी विचारलं, का?

"तुला तमिळ येतें. तूं आधीच हसलीस. चांगलेंच आहे, त्यांत वाईट नाही. पण मग मी तेथें बसून काय करितें? तूं माझ्यासाठीं सगळें सांगावें आणि मी नुसतें घ्यावें. तुझें पिक्चर माझ्यामुळें बुडतें. अंधारांत बसायाचें तर घरींही बसेन."

मी खूप बोलले. आवाज चढवला, माझं काही बुडत नाही म्हटलं, शपथा घातल्या. माझ्या बोलण्याने त्यांच्यावर काहीही परिणाम होत नव्हता, हे मला दिसत होतं. जिला कुणाला काही देता आलं नाही तर चैन पडत नाही अशी ती बाई, तिला मी घेत जा म्हणून सांगत होते. काका समुद्राकडे बघत बसले होते. त्यांनीही त्या दिवशी निंदा केली नाही. मला मनातून भीती वाटली. या बाई घरी बसल्या तर कढईपुढे आणि देवापुढेच राहतील, आणि माझ्याही कानाशी मराठी बोलणारं या गावात कुणी उरणार नाही.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "तिकिटं मोबाइलवर काढलीत. रद्द होत नाहीत."

त्या जुन्या वळणाच्या. तिकीट वाया घालवणं त्यांच्याने होईना. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "हें शेवटचें."

सिनेमा समुद्रकाठच्या एका घराचा होता. एक म्हातारी, आणि तिच्याकडे भाड्याने राहणारी मुलगी, जी आता दुसऱ्या गावी निघाली आहे. मी चित्र सांगत होते. अक्का ऐकत होत्या, पण संवाद आला की गप्प. काकांनी दोनदा पुढे वाकून आमच्याकडे बघितलं. शेवटाकडे मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहते. म्हातारी तिला म्हणते, "जाताना किल्ली शेजारी दे." मला सगळं समजलं. सोपं तमिळ होतं.

मी अक्कांच्या कानाशी गेले. "काय म्हणाली ती?"

"तुला समजतें की."

"समजतं," मी म्हटलं. "पण त्या लिहिणाराला चांगलं बोलायला येत नाही. त्याला मी काय करू?"

अक्कांचा खांदा माझ्या खांद्याला लागून हलायला लागला. त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून. पडद्यावरच्या दोघी तशाच उभ्या होत्या. दिग्दर्शकाने तिथे बराच वेळ वाऱ्याचा आवाज ठेवला होता, ते आमच्या पथ्यावर पडलं.

"ती म्हणते," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा तो हळू संवादाचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी, "किल्ली शेजारींच ठेवीन. तूं आलीस तर दार वाजवूं नको. सरळ आंत ये. मी नसलें तरी ये."

मला पडदा दिसेनासा झाला. पण आता काम माझं होतं. मुलगी घराबाहेर पडली. रस्ता लांबलचक होता, ती चालत राहिली, लहान होत गेली, आणि तशीच दिसेनाशी झाली. अक्का माझ्याकडे कान करून बसल्या होत्या.

"ती चाललीय," मी म्हटलं. "बॅग जड आहे. वळणापर्यंत गेली. थांबली."

"मग?"

"वळली. मागे बघते आहे."

"म्हातारी दिसते काय तिला?"

"दिसते. दारातच आहे. मुलगी तिच्याकडे बघत उभी राहिलीय, पाय निघत नाही."

दिवे लागले. लोक उठले. अक्कांनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो.

नियमाप्रमाणे वाळूपर्यंत कुणी बोललं नाही. वारा सुटला होता. सुंडलवालीने नेहमीसारखं न विचारता तीन पुड्या दिल्या. मी म्हटलं, घर छान दाखवलं होतं. अक्का म्हणाल्या, वाऱ्याचा आवाज चांगला होता. काका आपलं बकाबका खात होते. त्यांनी पुडी उलटी केली, झटकली आणि पाय पसरले.

"शेवट साफ फसला," ते म्हणाले. "इतकं सगळं करून काय, तर ती पोरगी सरळ निघून जाते. एकदा वळूनसुद्धा बघत नाही. हा काय शेवट झाला?"

माझा हात पुडीतच राहिला. मी काकांकडे डोळे वटारून बघितलं, पण ते समुद्राशी बोलत होते. अक्का माझ्या बाजूला ताठ बसल्या होत्या. मी त्यांना खोटा सिनेमा दाखवला होता आणि आता त्या म्हणतील, पाहिलेंस, मजला कांहींही सांगितलें तरी मी काय करणार, मला दिसतें कोठें.

अक्कांनी पुडीतून एक वाटाणा निवडला.

"माझें सुंडल अजून संपलें नाही," त्या काकांना म्हणाल्या. "आणि तुम्ही झोपलां होतां. ती वळली. मी पाहिलें."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी मान खाली घालून वाळूत बोटं फिरवत होते.

"वळली असेल," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझाच नंबर बदललाय बहुतेक."

"बदलून घ्या. शनिवारच्या आंत," अक्का म्हणाल्या आणि तळाशी राहिलेले खोबऱ्याचे तुकडे त्यांनी माझ्या पुडीत ओतले. मी डोळे पुसले, मोबाइल काढला आणि तिथेच तीन तिकिटं काढली.